आंदणात मुंबई, पण लग्नाला चर्च नाही



परदेशात राहणाऱ्या मराठी घरात लग्न ठरलं की पत्रिकेच्याही आधी एक प्रश्न उभा राहतो, तो म्हणजे लग्न करायचं कुठे? गावी की इथे? मुलाकडच्या शहरात की मुलीकडच्या? आणि मुलगा-मुलगी वेगवेगळ्या धर्मांचे असतील तर मग विचारूच नका. देवळात की चर्चमध्ये, की दोन्हीकडे? आणि दोन्हीकडे असेल तर आधी कुठे? आपल्या मंडळातल्या किती घरांत हा विषय जेवणाच्या टेबलावर रंगलाय (आणि कधी कधी पेटलाय!) हे मी सांगायला नको.

राजघराणीसुद्धा यातून सुटलेली नाहीत. १९८१ साली चार्ल्स आणि डायनाच्या लग्नासाठी नेहमीचं वेस्टमिन्स्टर अॅबी सोडून सेंट पॉल्स कॅथेड्रल निवडलं गेलं, कारण तिथे जास्त पाहुणे मावत होते आणि मिरवणुकीचा रस्ताही लांब मिळत होता. २०११ मध्ये विल्यम आणि केट परत अॅबीकडे वळले. दोन्ही लग्नं जगभर टीव्हीवर दिसली आणि दोन्ही चर्चची भव्यता डोळे दिपवणारी होती.

पण आपल्या, म्हणजे मुंबई-कोकण-गोव्याकडच्या माणसांच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं राजेशाही लग्न कुठल्याही भव्य चर्चमध्ये झालं नाही. ते झालं एका बंदरातल्या सरकारी बंगल्यात. नवरदेव होता इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स आणि नवरी पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन ऑफ ब्रागांझा. शाळेच्या इतिहासात आपण तिच्याबद्दल एकच ओळ शिकलो, की तिच्या लग्नात पोर्तुगीजांनी मुंबई आंदण दिली. बस! ती कोण, कुठली, पुढे तिचं काय झालं, हे त्या ओळीत नव्हतं. म्हणून आजचा हा लेख.

बहरीनच्या किल्ल्यापासून सुरुवात

इथे राहणाऱ्यांपैकी बहुतेकांनी सुट्टीच्या दिवशी मुलांना घेऊन कलात अल बहरीनला चक्कर मारलेली असेल. २००५ पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे, पण अजूनही बरेच जण त्याला पोर्तुगीज फोर्टच म्हणतात. पोर्तुगीजांनी १५२१ मध्ये बहरीन घेतलं आणि १६०२ मध्ये ते इराणच्या शाह अब्बासच्या राज्यात गेलं. म्हणजे जवळजवळ ८० वर्षं हे बेट आणि आपलं वसई, चौल, गोवा हे एकाच साम्राज्याच्या साखळीतले दुवे होते. बहरीन, होर्मुझ, मस्कत, दीव, वसई, गोवा अशी ती साखळी. आज आपण विमानाने साडेतीन-चार तासांत जो प्रवास करतो, साधारण त्याच मार्गावर त्यांची गलबतं फिरत होती.

कॅथरीनचा जन्म २५ नोव्हेंबर १६३८ चा, पोर्तुगालमधल्या विला विसोझा या गावी. २५ नोव्हेंबर हा संत कॅथरीनचा दिवस. आता गंमत बघा. आल्बुकर्कने गोवा जिंकलं तो दिवसही २५ नोव्हेंबरच, साल १५१०. म्हणूनच जुन्या गोव्यातलं ते प्रचंड से कॅथेड्रल संत कॅथरीनच्या नावाने आहे. ज्यांनी ते पाहिलंय त्यांना त्याचा आकार आठवत असेल. लांबी सुमारे २५० फूट! आशियातल्या सर्वांत मोठ्या चर्चपैकी ते एक. थोडक्यात, या मुलीच्या नावाच्या संतिणीचं भव्य चर्च आपल्या किनाऱ्यावर तिच्या जन्माच्या आधीच उभं राहिलं होतं. तिच्या स्वतःच्या लग्नाच्या नशिबी मात्र तसलं काही नव्हतं.

ती जन्मली तेव्हा तिचे वडील राजे नव्हते, ब्रागांझाचे ड्यूक होते. १५८० पासून पोर्तुगाल स्पेनच्या राजाच्या ताब्यात होतं. १ डिसेंबर १६४० ला लिस्बनमध्ये उठाव झाला, वडील चौथा जॉन म्हणून राजे झाले आणि दोन वर्षांची कॅथरीन राजकन्या झाली.

पण हे राज्य म्हणजे चारी बाजूंनी गळणारं छप्पर होतं. स्पेन ते परत घ्यायला टपलेलं. पूर्वेकडे डच एकेक ठाणं हिसकावत होते. बहरीन तर आधीच गेलं होतं. १६२२ मध्ये इराणी फौज आणि इंग्रज जहाजं यांनी मिळून होर्मुझ घेतलं. कॅथरीन अकरा वर्षांची असताना, १६५० मध्ये, ओमानी अरबांनी मस्कत घेतलं. ती सतरा वर्षांची असताना, १६५६ मध्ये, डचांनी कोलंबो घेतलं. त्याच वर्षी वडीलही गेले. धाकटा भाऊ वयात आलेला नव्हता, म्हणून आई लुईझा राज्य चालवू लागली. तिला एका बलाढ्य आरमाराच्या मैत्रीची गरज होती आणि लग्नाची एक मुलगी घरात होती. पुढचं गणित तुम्हीच मांडा.

याद्या झाल्या, त्यात मुंबई होती

इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स १६६० मध्ये परागंदा अवस्थेतून परत येऊन गादीवर बसला होता. वय तीस, तिजोरी रिकामी. २३ जून १६६१ रोजी लग्नाचा करार झाला. आपल्याकडे लग्नाआधी याद्या करतात ना, तशीच ही यादी, फक्त जरा मोठी. वीस लाख क्रुझादो रोख, आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचं टँजिअर बंदर, मुंबईचं बेट, शिवाय ब्राझील आणि पूर्वेकडच्या पोर्तुगीज मुलखात इंग्रजांना व्यापाराची सवलत. बदल्यात इंग्लंडने स्पेनविरुद्ध सैनिक आणि जहाजं द्यायची आणि डचांपासून पोर्तुगीज ठाण्यांचं रक्षण करायचं. चाळीस वर्षांपूर्वी ज्यांनी होर्मुझ घ्यायला मदत केली, तेच आता जावई!

रोख रक्कम मात्र पूर्ण जमली नाही. राजकन्येला न्यायला आलेल्या इंग्रज आरमारप्रमुखाला, म्हणजे अर्ल ऑफ सँडविचला, बरीचशी रक्कम साखर आणि इतर मालाच्या रूपात व बाकीची हुंड्यांच्या कागदावर घ्यावी लागली. म्हणजे हुंड्याच्या जागी हुंड्या!

या यादीत आणखी एक कलम होतं आणि माझ्या मते नवरीच्या दृष्टीने तेच सगळ्यात मोलाचं होतं. कॅथरीन कॅथलिक होती आणि इंग्लंड प्रोटेस्टंट. तिथे त्या काळी कॅथलिक प्रार्थना जाहीरपणे करायला कायद्याने बंदी होती. करारात स्पष्ट लिहून घेतलं गेलं की राणीला तिचा धर्म पाळता येईल, तिचं स्वतःचं प्रार्थनाघर असेल आणि तिचे पाद्री असतील.

मग लग्न कुठे?

आता मूळ मुद्द्यावर येऊ. राजाचं लग्न म्हणजे वेस्टमिन्स्टर अॅबीसारखी जागा हवी, असं आपल्याला वाटेल. चार्ल्सचा राज्याभिषेक तिथेच झाला होता, एप्रिल १६६१ मध्ये. पण जरा विचार करा. भव्य चर्चमध्ये लग्न करायचं तर ते एकाच पद्धतीने होणार, चर्च ज्यांचं त्यांच्या. अॅबीत कॅथलिक विधी केला असता तर देशात दंगल उसळली असती. फक्त अँग्लिकन विधी केला असता तर नवरीच्या मनाप्रमाणे ते लग्नच झालं नसतं.

हा घोळ चार्ल्सच्या घराण्याला नवा नव्हता. १६२५ मध्ये त्याचे वडील पहिला चार्ल्स यांचं लग्न फ्रान्सच्या कॅथलिक राजकन्येशी, हेन्रिएटा मारियाशी झालं. जागा निवडली ती पॅरिसचं नोत्र दाम! त्याहून भव्य काय असणार? पण नवरदेव प्रोटेस्टंट, आणि तो स्वतः आलाही नव्हता, त्याच्या जागी प्रतिनिधी उभा होता. त्यामुळे लग्न लागलं ते चर्चच्या दाराबाहेर मांडव घालून. आत मास झाला, तेव्हा नवरदेवाच्या बाजूने उभा असलेला प्रतिनिधी त्यात सामील झाला नाही. जगातलं इतकं मोठं चर्च, आणि लग्न उंबऱ्याबाहेर!

मुलाच्या वेळी भव्यतेचा नादच सोडून दिला गेला. मे १६६२ च्या मध्यावर कॅथरीन पोर्ट्समथ बंदरात उतरली. प्रवासाने थकलेली, त्यात तापाने आजारी. इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. असं सांगतात की तिने चहा मागितला, पण चहा कुठे मिळेना, म्हणून समोर बिअर ठेवली गेली. राजा २० मे ला पोचला आणि दुसऱ्या दिवशी, २१ मे १६६२ रोजी, लग्न उरकलं. दोघं एकमेकांशी स्पॅनिशमध्ये बोलत, म्हणजे दोघांचीही मातृभाषा नसलेल्या भाषेत.

पोर्ट्समथमधलं गावाचं मोठं चर्च, सेंट थॉमस, १६४२ मध्ये यादवी युद्धाच्या तोफांनी ढासळलेलं होतं. लग्न झालं डोमस डेइ नावाच्या जुन्या वास्तूत. १२१२ च्या सुमारास बांधलेली ही मूळ धर्मशाळा, वाटसरू आणि आजाऱ्यांसाठी. मठ बंद झाल्यावर काही काळ तिथे दारूगोळा ठेवला जाई आणि पुढे तिचा एक भाग लष्करी गव्हर्नरचं निवासस्थान झाला.

तिथे एकाच दिवशी दोन लग्नं लागली. पहिलं गुपचूप, नवरीच्या खोलीत, मोजक्या साक्षीदारांसमोर, कॅथलिक पाद्र्याच्या हातून. दुसरं जाहीर, गव्हर्नरच्या बंगल्याच्या दिवाणखान्यात, लंडनच्या बिशपच्या हातून, सगळ्या दरबारी मंडळींसमोर. नवरीच्या अंगावर गुलाबी पोशाख होता आणि त्यावर निळ्या रिबिनींच्या गाठी. लग्न झाल्यावर त्या रिबिनी सोडून पाहुण्यांना आठवण म्हणून वाटल्या. आपण अक्षता सांभाळून ठेवतो तसं लोकांनी त्या सांभाळून ठेवल्या असतील का, कोण जाणे!

जगाने पाहिलं ते दिवाणखान्यातलं. तिच्या दृष्टीने खरं होतं ते बंद खोलीतलं.

सासरी

सासर काही सुखाचं निघालं नाही. हनिमूनच्या दिवसांतच हॅम्प्टन कोर्टच्या महालात राजाने आपल्या प्रेयसीला, लेडी कासलमेनला, राणीच्या खास सखींच्या यादीत घातलं. कॅथरीनने ते नाव खोडलं. राजाने तरीही त्या बाईला समोर आणून उभं केलं, तेव्हा राणीच्या नाकातून रक्त आलं आणि ती बेशुद्ध पडली. पुढे माहेरहून आलेली बहुतेक मंडळी परत पाठवली गेली. परक्या मुलखात, परक्या भाषेत, अगदी एकटी. शेवटी तिला नमतं घ्यावं लागलं.

पण एका बाबतीत ती कधीच नमली नाही. अँग्लिकन विधीत भाग घ्यायचा नाही, म्हणून तिचा राज्याभिषेक झालाच नाही. तेवीस वर्षं ती इंग्लंडच्या राजाची राणी होती, पण डोक्यावर मुकुट कधी चढला नाही. कराराप्रमाणे लंडनमध्ये सेंट जेम्स महालाजवळचं प्रार्थनाघर तिला मिळालं. चार्ल्सच्या आईसाठी बांधलेलं ते छोटंसं चॅपल तिच्यासाठी पुन्हा नीटनेटकं केलं गेलं. तेच तिचं चर्च. भव्य नव्हतं, पण तिचं होतं.

मूलबाळ झालं नाही. अनेकदा गर्भपात झाला. राजाने तिला सोडून दुसरं लग्न करावं, असा दबाव दरबारातून येत राहिला. १६७८ मध्ये तर टायटस ओट्स नावाच्या माणसाने आरोप केला की राणीने राजाला विष देण्याचा कट केला आहे. कॅथलिकांविरुद्ध देश पेटलेला होता, माणसं फासावर जात होती. तिला दरबारातून घालवा अशी मागणी संसदेत झाली. पण एरवी इतका बेवफा असलेला चार्ल्स या वेळी तिच्यामागे ठाम उभा राहिला. बायकोवरचा आरोप त्याने धुडकावला आणि घटस्फोटालाही शेवटपर्यंत नकार दिला.

फेब्रुवारी १६८५ मध्ये चार्ल्स मृत्युशय्येवर होता. तेव्हा खोलीतून लोकांना बाहेर काढून एका कॅथलिक पाद्र्याला आणलं गेलं आणि राजाने राणीचा धर्म स्वीकारला. लग्नाचा विधी बंद खोलीत झाला होता, शेवटचा विधीही बंद खोलीतच झाला.

आणि आपली मुंबई?

मुंबईचा ताबा घ्यायला इंग्रजांचं आरमार सप्टेंबर १६६२ मध्ये आलं. पोर्तुगीज व्हाइसरॉय ताबा देईना! आंदणात नेमकं काय आलं, एकच बेट की आजूबाजूची साष्टी, ठाणेसुद्धा, यावर वाद पेटला. आमच्या आयटीच्या धंद्यात म्हणतात ना, स्कोप नीट लिहिला नाही की प्रोजेक्ट लटकतो, त्यातलाच प्रकार. ताबा घ्यायला आलेला सर अब्राहम शिपमन आपल्या शेकडो सैनिकांसह कारवारजवळच्या अंजदीव बेटावर जाऊन वाट पाहत बसला. तिथे रोगराईने बहुतेक सैनिक मेले आणि १६६४ मध्ये स्वतः शिपमनही गेला.

शेवटी १८ फेब्रुवारी १६६५ रोजी हम्फ्री कुक याने ताबा घेतला. ज्या वाड्यात कागदावर सह्या झाल्या तो एकेकाळी गार्सिया द ओर्ता या प्रसिद्ध वैद्याचा होता. ती जागा म्हणजे आजच्या टाऊन हॉलमागचा नौदलाचा तळ. त्या तळाचं नाव आयएनएस आंग्रे, हे वाचून बरं वाटतं! त्याच सुमारास इकडे शिवाजी महाराजांनी मालवणला सिंधुदुर्गाचं काम सुरू केलं होतं आणि त्याच फेब्रुवारीत ते बसरूरच्या आरमारी मोहिमेवर निघाले होते. समुद्राचं महत्त्व कोणाकोणाला कळलं होतं, ते यावरून दिसतं.

चार्ल्सला मात्र या बेटाचं ओझंच वाटलं. १६६८ मध्ये त्याने ते वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकलं. टँजिअर इंग्रजांनी १६८४ मध्ये सोडलं. राहिली ती मुंबई. तिथे कंपनीच्या लोकांनी १७१८ मध्ये सेंट थॉमस चर्च उभं केलं आणि त्याच्या दिशेने उघडणाऱ्या कोटाच्या दरवाजावरून चर्चगेट हे नाव आलं. जिच्या लग्नाला मोठं चर्च मिळालं नाही, तिच्या आंदणाच्या गावात रोज लाखो लोक चर्चगेटची लोकल पकडतात! कॅथरीनने मात्र मुंबई कधीच पाहिली नाही.

माहेरी परत

नवरा गेल्यावर काही वर्षं ती लंडनमध्येच राहिली. १६९२ मध्ये, तीस वर्षांनी, ती माहेरी निघाली. लिस्बनमध्ये तिने बेंपोस्ता नावाचा महाल बांधला. इंग्लंडमध्ये जिला कोणी कारभाराजवळ फिरकू दिलं नाही, तिच्याच हाती भाऊ आजारी असताना १७०४-०५ मध्ये पोर्तुगालचा कारभार आला आणि तो तिने उत्तम चालवला. ३१ डिसेंबर १७०५ रोजी ती गेली. आज लिस्बनच्या साओ व्हिसेंट द फोरा मठात ब्रागांझा घराण्याच्या समाध्यांमध्ये तिची समाधी आहे.

तिची एक सवय मात्र सासरी राहिली. इंग्लंडच्या दरबारात चहाची फॅशन तिने रुजवली. चहा तिथे आधी अगदीच अनोळखी नव्हता, पण राणी पिते म्हटल्यावर सरदारांच्या बायकाही पिऊ लागल्या. इंग्रज त्याला टी म्हणतात. पोर्तुगीज मात्र शा म्हणतात, आपल्या चहाच्या जवळचं.

आता थोडं आपल्याबद्दल. बहरीनमध्ये मंदिरं आहेत, चर्च आहेत आणि २०२१ मध्ये अवालीला अवर लेडी ऑफ अरेबिया हे मोठं कॅथेड्रलही उघडलं. आपली मुलं इथे सगळ्या धर्मांच्या मुलांबरोबर वाढतात, शिकायला आणखी लांब जातात आणि त्यातून लग्नं जुळतात. तेव्हा आपण आई-वडील हॉल किती मोठा, पाहुणे किती, आधी सप्तपदी की आधी चर्च, यावर रात्री जागवतो. कॅथरीनची गोष्ट वाचून मला वाटतं, भांडायचंच असेल तर जागेवरून भांडू नये. दोघांना आपापलं देवघर नंतर आयुष्यभर ठेवता येईल का, हे आधी शांतपणे बोलून घ्यावं. तिच्या आईने ते लेखी घेतलं होतं. बाकीची बहुतेक वचनं मोडली, त्या कलमाच्या आधाराने ती तेवीस वर्षं तग धरून राहिली.

पोर्ट्समथचा तो गव्हर्नरचा बंगला एकोणिसाव्या शतकात पाडला गेला. शेजारच्या चर्चवर १९४१ मध्ये बॉम्ब पडला आणि त्याच्या मोठ्या भागावर आजही छप्पर नाही. सेंट थॉमस चर्च मात्र पुन्हा बांधलं गेलं, पुढे त्याचं कॅथेड्रल झालं आणि लग्नाची नोंद तिथे जपून ठेवलेली आहे. लग्न लागलेली जागा गेली, कागद राहिला. आणि राहिली आपली मुंबई.

असो. पुढच्या वेळी किल्ल्यावर जाल तेव्हा मुलांना ही गोष्ट नक्की सांगा. आणि घरी आल्यावर मस्त आल्याचा चहा होऊन जाऊ दे!